एकच रेषा, दोन रंगकामे: ‘द किलिंग जोक’ रंग शिकण्यासाठी वाचताना

रंगसंगती शिकण्यासाठी म्हणून आजवर मी जी पुस्तके घेतली, त्या सगळ्यांत रंगचक्र होते, उष्ण आणि शीत रंगांची विभागणी होती, विरोधी रंगांच्या जोड्या होत्या आणि शेवटी सरावासाठी रिकामे चौकोन होते. यातले फारसे काही मला नवे नव्हते, कारण महाराष्ट्रातल्या शाळांत ज्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत, त्यांच्याकडून संकल्पचित्राच्या पेपरसाठी पोस्टर कलर सपाट, डाग न पडू देता कसा भरायचा आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता ठेवायचा, हे लहानपणीच घोटवून घेतलेले असते. अडचण नंतर येते. चित्रकथेच्या एका पानावर सहा-सात चौकटी असतात, प्रत्येकीत माणसे, भिंती आणि आकाश असते, आणि पान उलटले की दिवसाची रात्र झालेली असते. अशा वेळी रंगचक्र तोंडपाठ असूनही माणूस आकाश निळे, झाड हिरवे आणि चेहरा गुलाबीसर करून मोकळा होतो. माझ्यापुरती ही अडचण ज्या पुस्तकाने बरीचशी सोडवली, ते रंगांवरचे पुस्तक नाहीच. ती पन्नासपेक्षाही कमी पानांची बॅटमॅनची एक कथा आहे, आणि तिची शिकवण्याची क्षमता एका जुन्या मतभेदातून आलेली आहे.

‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ ही कथा डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. लेखन ॲलन मूर यांचे, चित्रे ब्रायन बोलंड यांची आणि रंग जॉन हिगिन्स यांचे, तिघेही इंग्लंडचे. स्वतः रंग भरायला बोलंड यांच्याकडे वेळ नव्हता, म्हणून ते काम हिगिन्स यांच्याकडे गेले. छापून आलेले रंग मात्र बोलंड यांच्या मनातले नव्हते, आणि वीस वर्षांनी, २००८ मध्ये, कथेची कडक पुठ्ठ्याची विशेष आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा त्यांनी संपूर्ण कथा संगणकावर स्वतः पुन्हा रंगवली. या परीक्षणाचा विषय ही २००८ ची आवृत्ती आहे. परंतु तिच्याबद्दल माझे पहिले सांगणे हेच आहे की, रंग शिकण्यासाठी घेणार असाल तर ती एकटी घेऊ नये. शेजारी हिगिन्स यांचे जुने रंग उघडे असतील तरच तिचे पैसे वसूल होतात.

याचे कारण साधे आहे. आपण एरवी दोन चित्रकारांची पाने शेजारी ठेवतो, तेव्हा रेषा वेगळी असते, मांडणी वेगळी असते, प्रकाशाची दिशा वेगळी असते, आणि जो परिणाम आपल्यावर होतो त्यातला रंगाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. येथे शाईची रेषा तीच आहे, संवाद तेच आहेत, चौकटीही त्याच आहेत. बोलंड यांनी जाता जाता चित्रांतल्या काही बारीकसारीक चुका दुरुस्त केल्या आहेत आणि बॅटमॅनच्या छातीवरच्या वटवाघळाभोवतीचे पिवळे अंडाकृती वर्तुळ काढून टाकले आहे, परंतु तेवढे सोडले तर दोन आवृत्त्यांत जो फरक जाणवतो तो रंगाचाच असतो. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकली की राग कुठे संपतो आणि गायकी कुठे सुरू होते हे जसे कानाला कळते, तशी ही सोय आहे.

त्या पिवळ्या वर्तुळापासूनच सुरुवात करतो, कारण दिसायला ते क्षुल्लक आहे आणि मला सगळ्यात आधी काही शिकवले ते त्यानेच. राखाडी-काळ्या पोशाखावर मध्यभागी पिवळा ठिपका असला की प्रत्येक चौकटीत नजर आधी तिथे जाते, मग चेहऱ्यावर. पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे. काळ्याशेजारी तो आणखी उजळतो. मूर यांच्या कथेत बॅटमॅन बराच वेळ नुसता उभा असतो, ऐकत असतो, आणि त्याचे मौन दिसायला हवे असेल तर त्याच्या छातीवरचा दिवा मालवावा लागतो. बोलंड यांनी तो मालवला. रंगसंगती ठरवताना कोणता रंग घ्यायचा याचाच आपण विचार करतो, पण कोणता काढायचा हाही रंगसंगतीचाच निर्णय असतो, हे मला या एका वर्तुळामुळे पटले.

या आवृत्तीतला सर्वांत अभ्यासनीय भाग म्हणजे भूतकाळातले प्रसंग. बॅटमॅनचा शत्रू जोकर हा पुढे जोकर होण्याआधी कोण असू शकेल, हे सांगणारे काही तुकडे कथेत मधूनमधून येतात. जुन्या आवृत्तीत ते बाकीच्या पानांसारखेच रंगीत आहेत, त्यामुळे काळ बदलला आहे हे आपल्याला मुख्यतः संवाद आणि कपडे यांवरून कळते. नव्या आवृत्तीत बोलंड यांनी ते सगळे कृष्णधवल केले आणि प्रत्येक चौकटीत एखाद-दुसऱ्या वस्तूलाच गुलाबी किंवा लाल छटा दिली. सुरुवातीच्या प्रसंगांत ही छटा इतकी पुसट आहे की पहिल्या वाचनात ती छपाईतली चूक वाटावी. पुढे हॉटेलात बसलेल्या माणसांसमोरच्या ताटातली कोळंबी लालसर होते. मग छटा हळूहळू गडद होत जाते आणि शेवटी रसायनांच्या कारखान्यात त्या माणसाच्या डोक्यावरचे लाल शिरस्त्राण पूर्ण लाल होऊन समोर येते. लाल रंग सगळीकडे एकच नाही. त्याचा जोर पानागणिक वाढवत नेला आहे, आणि तो वाढतो आहे हे लक्षात येईपर्यंत तो अंगावर आलेला असतो.

मी हा भाग अक्षरशः मोजून पाहिला. एका जाड काळ्या कार्डाला नखाएवढी चौकोनी खिडकी कापली आणि ती पानावर ठेवून प्रत्येक चौकटीतला लाल भाग वेगळा पाहिला, मग कार्ट्रिज पेपरवर पोस्टर कलरने ती छटा जुळवत एकाखाली एक लावत गेलो. संध्याकाळपर्यंत हातात लालाची एक पट्टी तयार झाली: वर जवळजवळ राखाडी, खाली शेंदरासारखी. गंमत अशी की, ती पट्टी सुटी पाहिली तर वरच्या दोन-तीन छटांना कोणी लाल म्हणणारच नाही. पानावर त्या लाल दिसतात, कारण आसपास रंगच नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल पॅरिसच्या गोबेलँ या विणकाम कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते, तेव्हा काळे सूत फिके दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती; दोष रंगात नसून त्या सुताला लागून असलेल्या निळ्या-जांभळ्या सुतांत आहे, असे त्यांना आढळले, आणि १८३९ मध्ये त्यांनी रंगांच्या परस्परपरिणामावर ग्रंथच लिहिला. जे त्यांना सुताने दाखवले, ते मला कोळंबीने दाखवले, एवढाच फरक.

येथे माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. हे पुस्तक हाती येण्याआधी मीही इतरांची कॉमिक्स पाहून रंग शिकतच होतो, पण त्याची रीत चुकीची होती. आवडलेल्या पानाचा फोटो संगणकावर घ्यायचा, आयड्रॉपरने त्यातले पाच रंग उचलायचे, त्यांचे पाच चौकोन करायचे आणि तेच रंग आपल्या चित्रात भरायचे. एका दिवाळी अंकासाठी मी कोकणातल्या एका रात्रीवर आठ पानांची चित्रकथा करत होतो: वीज गेलेली आहे आणि आजी कंदील घेऊन गोठ्याकडे निघाली आहे. एका नावाजलेल्या चित्रकाराच्या पानावरून उचललेले निळे, जांभळे आणि नारिंगी रंग मी जसेच्या तसे वापरले आणि पान असे काही दिसू लागले की, आजी गोठ्याकडे न जाता गणपतीच्या मंडपाकडे निघाल्यासारखी वाटावी. चूक कुठे झाली हे मला तेव्हा कळले नाही. मूळ पानावर नारिंगी जेमतेम बोटाच्या पेराएवढा होता आणि मी तो चौकटीच्या एक-तृतीयांश भागात ओतला होता. पाच चौकोनांत रंग कळतो, पण तो किती घ्यायचा, कशाला लावून ठेवायचा आणि कितव्या पानावर आणायचा, हे चौकोनांत उतरत नाही.

आता हिगिन्स यांच्याबद्दल. नव्या आवृत्तीचे कौतुक करताना जुने रंग भडक होते असे म्हणून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. हिगिन्स हे ‘वॉचमेन’चे रंगकार आहेत. १९८६-८७ मधल्या त्या मालिकेत त्यांनी अमेरिकन महानायकांच्या नेहमीच्या लाल-निळ्या-पिवळ्या मूळ रंगांऐवजी जांभळा, हिरवा, नारिंगी, तपकिरी अशा दुय्यम आणि मिश्र रंगांवर सगळी भिस्त ठेवली, आणि सहाव्या भागात उबदार रंगांनी सुरुवात करून पानागणिक ते काळवंडत नेले. म्हणजे रंगाचा जोर क्रमाने बदलत नेण्याची जी युक्ती बोलंड यांच्या लालात दिसते, ती हिगिन्स यांना चांगलीच अवगत होती. ‘किलिंग जोक’मधल्या ओसाड जत्रेच्या पानांवर त्यांनी जे केले, त्याकडे या नजरेने पाहावे. तिथले पिवळे, जांभळे, हिरवे रंग कोणत्याही खऱ्या दिव्यातून येत नाहीत. बोलंड यांच्या आवृत्तीत त्याच जत्रेवर खरी रात्र पडलेली आहे, लाकूड लाकडासारखे आणि गंज गंजासारखा दिसतो. जुन्या पानांवर मात्र वाचकाला किंचित मळमळते, आणि ज्या जागेत एका भल्या माणसाला वेडे करण्याचा घाट घातला आहे, ती जागा पाहून मळमळणे हा मला दोष वाटत नाही.

उलट नव्या आवृत्तीत एक दोष आहे, आणि तो शिकणाऱ्याने आवर्जून पाहावा. बोलंड यांची रेषा मुळात अतिशय भरीव आहे. कपड्याची चुणी, गालाचा उतार, भिंतीचा खडबडीतपणा हे सगळे त्यांनी शाईच्या बारीक रेघांनीच दाखवलेले आहे. त्यावर संगणकाने गडदाकडून फिक्याकडे जाणाऱ्या मऊ छटा भरल्या की एकाच गालावर दोन वेळा सावली पडते, एकदा शाईची आणि एकदा रंगाची. काही चेहरे त्यामुळे मेणाचे वाटतात. जुन्या सपाट रंगांत ही अडचण नव्हती, कारण तिथे रंग जागा सांगत होता आणि आकार सांगण्याचे काम रेषा करत होती. आजच्या संगणकीय रंगकामात ही दुहेरी सावली सर्रास दिसते, माझ्याही जुन्या कामात ती आहे, आणि स्वतःच्या रेषेवर स्वतःच रंग चढवणाऱ्या एका थोर चित्रकारालाही ती पूर्णपणे टाळता आली नाही, हे पाहून मला थोडा दिलासाच मिळाला.

सपाट रंग म्हणजे गरिबांचे रंग, असा समज आपल्याकडे अमर चित्र कथा वाचून वाढलेल्या पिढीतही आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकन मासिक कॉमिक्सची छपाई दीर्घकाळ पिवळी, लाल आणि निळी अशा तीन रंगीत शाया आणि काळी, यांच्या ठरावीक टक्केवारीवर चालत असे: प्रत्येक रंगीत शाई एक तर नाही, नाही तर पंचवीस टक्के, पन्नास टक्के किंवा पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे कोऱ्या कागदाचा पांढरा धरून चौसष्ट रंग. रंगकार काळ्या-पांढऱ्या प्रतीवर पातळ रंग लावून प्रत्येक भागावर सांकेतिक आकडे लिहीत असे. पिवळा पंचवीस आणि लाल पंचवीस टक्के म्हणजे गोऱ्या माणसाची कातडी, हे तर ठरूनच गेलेले होते. एवढ्या चिमूटभर साहित्यात रात्र, पाऊस, आग, भीती हे सगळे दाखवायचे म्हटले की माणूस छटांच्या मागे न लागता शेजारांचा विचार करू लागतो. चौसष्ट रंगांची अशी पट्टी स्वतः करून आपले एक पान तेवढ्यातच रंगवणे, हा सराव मी आता दर महिन्याला करतो, आणि कोणत्याही महागड्या ब्रशसंचापेक्षा त्याचा मला अधिक उपयोग झाला आहे.

दोन्ही आवृत्त्यांच्या एकाच पानाचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहणे, हाही एक उपयोगी धडा आहे. नव्या पानांत नजर कुठे जावी हे रंग काढून घेतल्यावरही बहुतेक ठिकाणी कळते, कारण गडद आणि फिक्याची मांडणी आधी पक्की केलेली आहे. माझ्या कोकणातल्या रात्रीचा असा फोटो काढला, तेव्हा आजी, गोठा, माड आणि आकाश हे सगळे एकाच मध्यम राखाडीत बुडालेले दिसले. निळा आणि जांभळा हे मला वेगळे रंग वाटत होते. उजळपणाच्या हिशेबात ते जुळे भाऊ होते.

आता खरेदीबद्दल थोडक्यात. पुस्तक कडक पुठ्ठ्याचे आहे, आकाराने नेहमीच्या कॉमिकपेक्षा थोडे मोठे आहे आणि कागद चकचकीत आहे, त्यामुळे रंग जुळवायचे असतील तर ट्यूबलाइटखाली न बसता दिवसा खिडकीपाशी बसावे. मुख्य कथेशिवाय चित्रकार टिम सेल यांची प्रस्तावना, बोलंड यांचे मनोगत आणि त्यांनीच लिहिलेली व चितारलेली एक छोटी कथा त्यात आहे; ती मुळात कृष्णधवल होती, येथे ती रंगीत आहे. ती छोटी कथा रेषेसाठी पाहण्यासारखी आहे. माझी प्रत ऑनलाइन मागवली होती आणि ती एका कोपऱ्यात चेपलेली आली. बदलून मागण्यात तीन आठवडे गेले असते, म्हणून तशीच ठेवून घेतली. जुन्या रंगांची १९८८ ची सुटी प्रत मला मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. ती न मिळाल्यास ॲलन मूर यांच्या डीसीमधल्या कथांचे २००६ चे संकलन शोधावे. ते नव्या रंगकामाच्या आधीचे असल्याने त्यात हिगिन्स यांचेच रंग आहेत. कथा मुलांसाठी मुळीच नाही. तीत एका तरुणीवर होणारा हल्ला अत्यंत क्रूर आहे, आणि त्या पात्राला कथेने दिलेल्या वागणुकीबद्दल आजही जे आक्षेप घेतले जातात, ते मला रास्त वाटतात. त्यामुळे चित्रकलेच्या वर्गातल्या शाळकरी मुलांना केवळ रंगांसाठी म्हणून हे पुस्तक देऊ नये. त्यांच्यासाठी अमर चित्र कथेतला राम वाईरकर यांचा ‘कृष्ण’ घ्यावा आणि एकाच निळ्या देहाशेजारी कोणकोणते रंग येतात, हे पाहायला सांगावे.

ती आठ पानांची कथा मी पुन्हा रंगवली. पहिल्या चार पानांवर फक्त करडा आणि किंचित हिरवट काळा ठेवला. कंदील पहिल्या पानावर तिळाएवढा, दुसऱ्यावर तांदळाएवढा, आणि त्याचा नारिंगीही तिथे इतका मातकट की वेगळा ओळखू येऊ नये. पाचव्या पानावर गोठ्याचे दार उघडते, तिथे तो पहिल्यांदा नारिंगी झाला. गायीच्या पाठीवर, आजीच्या लुगड्याच्या काठावर आणि तिच्या हनुवटीखाली तेवढाच तो ठेवला, बाकी अंधार तसाच राहू दिला. अंक छपाईला गेला त्या दिवशी दुपारी छापखान्यातून फोन आला: “साहेब, तुमच्या पहिल्या चार पानांचे रंग फाइलमध्ये उतरलेले दिसत नाहीत, पुन्हा पाठवता का?” मी त्यांना फक्त पाचवे पान उघडायला सांगितले.